हरलेल्या गड्याचा पुतळा

जिंकणाऱ्याचा जयजयकार कोणीही करतो. पण १९७६ साली अमेरिकेत ‘रॉकी’ हा बोलपट आला आणि प्रेक्षकांनी हरणाऱ्याला डोक्यावर घेतले. फिलाडेल्फिया शहरातला हा गरीब मुष्टियोद्धा जगज्जेत्याशी पंधरा फेऱ्या झुंजतो; शेवटी पंचांचा कौल विरुद्ध जातो. तरी गडी उभा राहिला, एवढ्यावर लोक खूश! लेखक व नायक सिल्व्हेस्टर स्टॅलोन याला ही कल्पना सुचली १९७५ च्या एका खऱ्या लढतीवरून. तीत चक वेपनर हा कोणाच्या खिजगणतीत नसलेला माणूस महंमद अलीपुढे पंधराव्या फेरीपर्यंत टिकला होता.

१९७९ च्या दुसऱ्या भागात रॉकी जिंकला. १९८५ च्या चौथ्यात तर, शीतयुद्धाच्या ऐन दिवसांत, त्याने रशियन प्रतिस्पर्ध्याला लोळवले. पहिल्याची गोडी त्यात नाही. पण रॉकीच्या सहा बोलपटांत सर्वांत जास्त गल्ला जमवला तो यानेच, बरं का!

कलासंग्रहालयाच्या ज्या ७२ पायऱ्या रॉकी धावत चढतो, त्या आजही लोक धावत चढतात आणि वर जाऊन हात उंचावतात. तिसऱ्या भागासाठी घडवलेला त्याचा पुतळाही शहराने ठेवून घेतला.

आता गंमत पाहा. जो फ्रेझर हा याच शहरात राहणारा खराखुरा जगज्जेता. १९७१ साली त्याने अलीलाही हरवले. कत्तलखान्यात कामाला असताना आपण टांगलेल्या मांसावर ठोसे मारीत असू, असे तो सांगे. बोलपटात रॉकीही तेच करतो! फ्रेझरचा पुतळा शहरात उभा राहिला २०१५ साली. तो पाहायला फ्रेझर नव्हता. २०११ मध्येच तो वारला होता.