लुगड्याचा दुसरा जन्म

नऊवार लुगडं विरलं की ते टाकायचं नसे; त्याची वाकळ व्हायची. देशावर वाकळ, इतरत्र गोधडी, बाळासाठी दुपटं. वर-खाली लुगडी, मध्ये जुनी धोतरं नि ठिगळं, आणि काठाकडून आत सरकत जाणारा धावदोरा. शेकडो धुण्यांनी मऊ पडलेल्या सुताला नव्या कापडाची सर येत नाही, हे आजीला कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

हे सूत मूळचं देशी कापसाचं. त्याचा धागा आखूड आणि जाडाभरडा. गादी भरण्यासाठी पिंजारी हा कापूस धनुकलीवर पिंजत असे. गिरण्यांना मात्र लांब धागा हवा होता. अमेरिकेतल्या यादवी युद्धात (1861-65) तिथला कापूस अडला, वऱ्हाडच्या कापसाचे भाव चढले आणि 1870 मध्ये खामगावला रेल्वे पोचली. पुढे अमेरिकी जाती पसरल्या, 1970 मध्ये संकरित वाण आलं, 2002 मध्ये जनुक बदललेलं बीटी. कीटकनाशकांच्या फवारण्याही वाढल्या.

पणजीच्या काळी अशा फवारण्या नव्हत्या; त्यामुळे आज ‘सेंद्रिय’ म्हणून मिरवणारं कापड तिच्या दृष्टीनं निव्वळ कापडच ठरलं असतं! पण दुकानातल्या नुसत्या शब्दावर विसंबू नये. ‘गॉट्स’ या सेंद्रिय कापडाच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्रात ‘सेंद्रिय’ या वर्गासाठी किमान 95 टक्के सेंद्रिय धागा लागतो, ‘सेंद्रिय धाग्यासह’ यासाठी 70.

वाकळीत नवं सुती कापड वापरायचं तर ते शिवण्याआधी एकदा धुवून घ्यावं. ते आटतं, गडद रंग सुटतो, आणि मग फिकट ठिगळांवर लाल डाग उतरतात. जुन्या लुगड्याला ही भीती नव्हती. त्याचं आटणं-विटणं आधीच उरकलेलं असे.