परदेशचें विद्यापीठ आणि गुरूची निवड

अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, समाजशास्त्र यांसारख्या विषयांच्या उच्च अभ्यासासाठीं परदेशीं जाऊं इच्छिणारा विद्यार्थी आज अनेक विद्यापीठांचीं पत्रकें चाळतो, खर्चाचे आंकडे मांडतो आणि कोणत्या प्राध्यापकाच्या हाताखालीं काम करावें याची महिनोन्‌महिने चौकशी करतो. विसाव्या शतकाच्या आरंभीं महाराष्ट्रांतून जे थोडे तरुण या शास्त्रांच्या ओढीनें बाहेर पडले, त्यांच्यापुढेंहि हाच प्रश्न होता. फरक इतकाच कीं, त्या वेळीं पत्राचें उत्तर बोटीनें येई, आणि एकदां बोटींत पाऊल टाकल्यावर निवड चुकली असें दिसलें तर परत फिरण्याची सोय बहुधा नसे.

इंग्लंडला जाण्याची वाट तर मळलेलीच होती. आय. सी. एस. ची परीक्षा आणि बॅरिस्टरी या दोन गोष्टींसाठीं सुखवस्तु घरांतील मुलें वर्षानुवर्षें तिकडे जात होतीं. परंतु समाजशास्त्रांतील संशोधनाचा विद्यार्थी तेथें गेला असतां त्याला एक मोठी अडचण येई. विद्यार्थ्यानें एखाद्या अध्यापकाच्या देखरेखीखालीं प्रबंध लिहावा आणि पीएच. डी. व्हावें, ही पद्धतच इंग्लंडांत १९१७ पर्यंत नव्हती. ती मूळची जर्मनीची. जर्मनींत शिकून आलेल्या अमेरिकन पंडितांनीं ती आपल्या देशांत नेली. बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ १८७६ मध्यें त्याच धर्तीवर उघडलें, आणि न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत १८८० मध्यें राज्यशास्त्राची स्वतंत्र शाखा निघाली. घरीं मुंबई विद्यापीठ होतें खरें, पण समाजशास्त्राचा विभाग तेथें १९१९ साल उजाडेपर्यंत नव्हता. तेव्हां ज्याला इंग्रजीतून शिकावयाचें आणि संशोधनाची पदवी घ्यावयाची, त्याची दृष्टि अटलांटिकच्या पलीकडे जाणें साहजिक होतें.

पुढें ज्ञानकोशकार म्हणून ज्यांचें नांव झालें ते श्रीधर व्यंकटेश केतकर या वाटेनें फार लवकर गेले. १९०६ मध्यें ते अमेरिकेस निघाले आणि इथाका येथील कॉर्नेल विद्यापीठांत दाखल झाले. जातिसंस्थेच्या इतिहासावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९०९ मध्यें प्रसिद्ध झाला, पीएच. डी. १९११ मध्यें मिळाली. ग्रंथ आधीं आणि पदवी मागाहून, हा क्रम केतकरांच्या स्वभावास शोभण्यासारखाच होता! त्यांच्या दृष्टीनें विद्यापीठ हें ग्रंथालय आणि सवड मिळण्याचें ठिकाण होतें, असें म्हटल्यास फारसें चुकणार नाहीं.

याहून पुष्कळ गुंतागुंतीची कथा भीमराव आंबेडकर यांची आहे. १९१२ मध्यें एल्फिन्स्टन कॉलेजांतून ते बी. ए. झाले. पुढच्याच वर्षाच्या फेब्रुवारींत वडील वारले, आणि संसाराचा भार अंगावर पडला. अशा वेळीं बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड कांहीं विद्यार्थ्यांना कोलंबिया विद्यापीठांत पाठविण्याच्या विचारांत होते. भीमरावांची निवड झाली. ४ जून १९१३ रोजीं त्यांनीं करारावर सही केली: शिष्यवृत्ति दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षें, आणि परत आल्यावर बडोदें संस्थानाची दहा वर्षें नोकरी.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. कोलंबियाची निवड प्रथम दात्याच्या मनांत होती. विद्यार्थ्याच्या हातीं राहिली ती विद्यापीठाच्या आंतली निवड, आणि ती त्यांनीं किती हावरेपणानें केली हें त्यांच्या अभ्यासक्रमांच्या नोंदीवरून कळतें. अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४ आणि राज्यशास्त्राचे ३ अभ्यासक्रम त्यांनीं घेतले. जॉन ड्यूई तत्त्वज्ञान शिकवीत, गिडिंग्ज समाजशास्त्र, जेम्स हार्वे रॉबिन्सन आणि शॉटवेल इतिहास. साडेअकरा पौंडांत न्यूयॉर्कसारख्या शहरीं राहावयाचें, त्यांतूनच घरीं पैसे पाठवावयाचे, आणि वर पुस्तकेंहि घ्यावयाचीं, हें गणित पोटाला चिमटा घेतल्यावांचून सुटण्यासारखें नव्हतें.

इतक्या विषयांत मन रमणाऱ्या विद्यार्थ्याला धोकाहि असतो. तो सर्वत्र हिंडतो आणि कोठेंच मुक्काम करीत नाहीं. भीमरावांना मुक्काम मिळाला तो प्रा. एड्विन सेलिग्मन यांच्यापाशीं. सेलिग्मन हे सार्वजनिक आयव्ययाच्या शास्त्रांतील नामांकित पंडित. करपद्धतीवरील त्यांचे ग्रंथ त्या काळीं सर्वत्र वाचले जात. सरकार कर कोणावर बसवितें आणि तो पैसा कोणासाठीं खर्च करतें, हें एकदां पाहिलें म्हणजे राज्यकारभाराचें खरें स्वरूप उघडें पडतें. पारतंत्र्यांतील देशाच्या विद्यार्थ्याला याहून उपयुक्त शास्त्र कोणतें सांपडणार? ईस्ट इंडिया कंपनीचा राज्यकारभार आणि आयव्यय या विषयावर निबंध लिहून ते १९१५ मध्यें एम्. ए. झाले, आणि लगेच हिंदुस्थानच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या प्रश्नाकडे वळले. दुसरीकडे ९ मे १९१६ रोजीं गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या अभ्यासवर्गांत त्यांनीं हिंदुस्थानांतील जातींच्या उत्पत्तीविषयीं निबंध वाचला. तो पुढच्या वर्षीं ‘इंडियन अँटिक्वेरी’ या मासिकांत छापला गेला. आज सर्वाधिक वाचला जातो तो हा लहानसा निबंध. पदवीसाठीं लिहिलेले जाड प्रबंध अभ्यासकच काय ते उघडतात.

दुसरी निवड मात्र त्यांची स्वतःची होती. १९१६ च्या ऑक्टोबरांत ते लंडनला आले, बॅरिस्टरीसाठीं ग्रेज इनमध्यें आणि अर्थशास्त्रासाठीं लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्यें त्यांनीं नांव घातलें. ही संस्था १८९५ मध्यें निघालेली, म्हणजे जेमतेम एकवीस वर्षांची. पण हिंदुस्थानच्या कारभाराचे कागदपत्र इंडिया ऑफिसांत होते आणि इंडिया ऑफिस लंडनांत होतें. हिंदुस्थानच्या आयव्ययाचा इतिहास लिहिणाऱ्याला तें गांव टाळणें शक्यच नव्हतें. सेलिग्मन यांनीं तेथील प्रा. हर्बर्ट फॉक्सवेल यांच्या नांवें परिचयपत्र दिलें होतें. फी १० पौंड १० शिलिंग होती. त्या सत्रांत त्यांनीं मॅकिंडर यांचा भूगोल, लोज डिकिन्सन यांचे राजकीय विचार आणि हॉबहाउस यांची सामाजिक उत्क्रांति असे विषय घेतले.

तोंच मुदत संपली. बडोद्याकडून एक वर्षाची वाढ मिळाली होती, ती १९१७ च्या जूनमध्यें सरली आणि परत येणें भाग पडलें. चार वर्षांच्या आंत येऊन अभ्यास पुरा करण्याची सवलत विद्यापीठानें दिली, एवढेंच काय तें पदरांत पडलें. महायुद्ध चालू होतें. त्यांचें सामान ज्या बोटीनें येत होतें ती पाणतीरानें बुडाली, आणि न्यूयॉर्क व लंडन येथें उपाशी राहून जमविलेलीं पुस्तकें समुद्रांत गेलीं. कराराप्रमाणें ते बडोद्यास नोकरीवर रुजू झाले. तेथें परदेशची पदवी घेऊन आलेल्या या अधिकाऱ्याला अस्पृश्य म्हणून राहावयास जागा मिळूं नये आणि थोड्याच दिवसांत नोकरी सोडून मुंबईची वाट धरावी लागावी, ही हकीकत सर्वश्रुत आहे. शिष्यवृत्तीच्या करारांत दहा वर्षें लिहिलीं होतीं. दहा वर्षें राहावें कोठें, हें कोणी लिहिलेलें नव्हतें.

१९१८ मध्यें सिडेनहॅम कॉलेजांत प्राध्यापकाची जागा मिळाली. पुष्कळांनीं येथें समाधान मानलें असतें. भीमरावांनीं पगारांतून शिल्लक टाकली, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचें साहाय्य आणि नवल भथेना या मित्राकडून कर्ज घेतलें, आणि १९२० मध्यें सवलतीची चार वर्षें संपण्यापूर्वीं लंडन गांठलें. १९२१ मध्यें एम्. एस्‌सी. झाले. त्याच वर्षीं त्यांनीं जर्मनींतील बॉन विद्यापीठाकडे प्रवेशासाठीं जर्मन भाषेंत अर्ज लिहिला, हें मात्र फारसें कोणास ठाऊक नसतें. प्रवेश मिळालाहि, परंतु हजेरी न लागल्यामुळें १९२२ च्या आरंभीं तेथून नांव कमी झालें. एकाच वेळीं बॅरिस्टरी, डी. एस्‌सी. आणि तिसरें विद्यापीठ! भूक मोठी होती, पण दिवस चोवीस तासांचाच.

रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध १९२२ च्या ऑक्टोबरांत सादर झाला आणि परीक्षकांनीं तो आहे त्या स्वरूपांत स्वीकारला नाहीं. दुरुस्त करून १९२३ च्या ऑगस्टांत तो मुंबईहून पुन्हां धाडला. नोव्हेंबरांत मान्य झाला. मार्गदर्शक प्रा. एड्विन कॅनन यांनीं त्याला प्रस्तावना लिहिली, आणि त्या प्रस्तावनेंत शिष्याच्या कित्येक मतांशीं आपण सहमत नाहीं हेंहि सरळ लिहून टाकलें. मतें न पटणाऱ्या शिष्याचें पुस्तक लोकांपुढें आणणारा गुरु मिळणें, हें लंडनच्या निवडीचें मोठेंच फळ मानावयास हवें. कोलंबियाचें देणें अजून राहिलेंच होतें. तेथील नियम असा कीं, प्रबंध छापून त्याच्या प्रती विद्यापीठास दिल्यावांचून पीएच. डी. पदरांत पडत नसे; छपाईचा खर्च अर्थातच विद्यार्थ्याचा. ब्रिटिश हिंदुस्थानांतील प्रांतिक आयव्ययावरील तो ग्रंथ सेलिग्मन यांच्या प्रस्तावनेसह १९२५ मध्यें निघाला, सयाजीराव महाराजांना अर्पण झाला, आणि पदवी १९२७ मध्यें रीतसर मिळाली. न्यूयॉर्कच्या धक्क्यावर उतरल्याला तेव्हां चौदा वर्षें होत आलीं होतीं.

ज्या हॉबहाउसच्या व्याख्यानांना भीमराव १९१६ मध्यें बसले, त्याच हॉबहाउसपाशीं थोड्या वर्षांनीं दुसरा एक मराठी विद्यार्थी आला आणि फार दिवस टिकला नाहीं. गोविंद सदाशिव घुर्ये हे मालवणचे, जन्म १८९३, मूळचे संस्कृतचे एम्. ए. मुंबई विद्यापीठानें १९१९ मध्यें नगररचनेचे प्रसिद्ध पंडित पॅट्रिक गेडिस यांना समाजशास्त्राच्या नव्या विभागावर नेमलें. गेडिस यांच्या व्याख्यानांना घुर्ये जाऊं लागले, आणि मुंबई शहराविषयींचा त्यांचा निबंध पाहून त्यांना विद्यापीठाची शिष्यवृत्ति मिळाली. ठिकाण लंडन, गुरु हॉबहाउस, अशी व्यवस्था झाली.

वरवर पाहतां याहून चांगली निवड ती कोणती? इंग्लंडांतील समाजशास्त्राचें अध्यासन हॉबहाउस यांच्याकडेच होतें. परंतु त्यांचें शास्त्र तत्त्वज्ञानाच्या अंगानें जाणारें, आणि घुर्यांच्या मनांत जाति, कुळें, नातीगोतीं, विवाहाचे नियम हे प्रश्न घोळत होते. नांव समाजशास्त्राचें असलें तरी आपल्या प्रश्नाचें उत्तर शेजारच्या घरीं आहे, हें त्यांनीं ओळखलें, आणि लंडन सोडून ते केंब्रिजला गेले. तेथें हॅडन आणि रिव्हर्स होते. रिव्हर्स हे नीलगिरीच्या तोडा लोकांवर १९०६ मध्यें ग्रंथ लिहिणारे, वंशावळ्यांवरून समाजाची घडण शोधण्याची रीत घालून देणारे. संस्कृत ग्रंथांतील गोत्रप्रवरांची ज्याला आधींच माहिती, त्याला असा गुरु म्हणजे पर्वणीच. पण हें भाग्य अल्पकाळचें ठरलें. १९२२ च्या जूनमध्यें रिव्हर्स अकस्मात् वारले. प्रबंध हॅडन यांच्या देखरेखीखालीं पुरा झाला. परत आल्यावर १९२४ मध्यें घुर्ये मुंबईच्या विभागाचे प्रमुख झाले, आणि तेव्हांपासून समाजशास्त्राच्या मराठी विद्यार्थ्याला घरच्या घरीं एक गुरु मिळाला.

त्या गुरूच्या पहिल्या विद्यार्थ्यांत इरावती कर्वे होत्या. फर्ग्युसन कॉलेजांत तत्त्वज्ञान घेऊन त्या बी. ए. झाल्या, घुर्यांच्या हाताखालीं चित्पावनांवर निबंध लिहून १९२८ मध्यें एम्. ए. झाल्या, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस बर्लिनला गेल्या. त्यांचे पति दिनकरराव स्वतः जर्मनींत रसायनशास्त्र शिकून आलेले. त्यांचा या बेतास पाठिंबा होता. सासरे धोंडो केशव कर्वे यांचा मात्र विरोध होता. ज्यांनीं स्त्रियांसाठीं विद्यापीठ काढलें त्यांनीं सुनेच्या जाण्यास ना म्हणावी, याचें नवल वाटतें. पण स्त्रीशिक्षणाचा पुरस्कार आणि घरची सून एकटी बर्लिनला, यांत त्या काळीं अंतर होतें खरें. पैसे जीवराज मेहता यांनीं कर्जाऊ दिले.

संस्था नांवाजलेली होती: मानववंशशास्त्र, आनुवंशिकता व सुप्रजाजननशास्त्र यांसाठीं १९२७ मध्यें उघडलेली कैसर विल्हेल्म संस्था. संचालक ऑयगेन फिशर. मानवजातींत वंशावंशांच्या पायऱ्या आहेत, ही फिशरची श्रद्धा होती, आणि १९३३ नंतर नाझी राजवटींत तेच बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरु झाले. १९२८ मध्यें पुण्याहून अर्ज करणाऱ्या विद्यार्थिनीला पुढचें दिसणें शक्य नव्हतें. त्यांना विषय मिळाला तो कवटीच्या डाव्याउजव्या बाजूंतील असमतेचा. वसाहतींतून आणलेल्या कवट्या मोजून, असमतेचा वंशाशीं संबंध आहे कीं काय, हें पाहावयाचें होतें. तो संबंध आढळावा अशी गुरूची अपेक्षा होती. इरावतीबाईंनीं मोजमाप केलें, आंकडे मांडले, आणि वंशाशीं संबंध दिसत नाहीं, असें लिहून दिलें. परदेशांत, कर्जाच्या पैशांवर राहून, ज्याच्या सहीवर पदवी अवलंबून त्याच्यापुढें हें लिहावयाचें होतें. १९३० मध्यें त्यांना डॉक्टरची पदवी मिळाली.

बर्लिनची मोजपट्टी त्यांनीं पुढेंहि बरींच वर्षें सोडली नाहीं. महाराष्ट्रांतील निरनिराळ्या जातिजमातींचीं मापें घेत त्या गांवोगांव हिंडल्या. परंतु हिंदुस्थानांतील आप्तसंबंधांवरचा जो ग्रंथ १९५३ मध्यें प्रसिद्ध झाला आणि ज्यानें त्यांचें नांव सर्वत्र नेलें, त्यांत कवट्या नाहींत. आत्या, मामा, जाऊ, नणंद यांना निरनिराळ्या प्रांतांत काय म्हणतात, कोणाचें लग्न कोणाशीं होतें आणि जुन्या ग्रंथांत त्याचा काय पुरावा सांपडतो, याची त्यांत चिकित्सा आहे. आणि ती वाट बर्लिनला जाण्यापूर्वीं मुंबईंत, घुर्यांच्या वर्गांत, त्यांच्या दृष्टीस पडली होती.