बुडूनही तग धरणारा भात

भात हे पाण्यात वाढणारे पीक. पण रोप शेंड्यापर्यंत पाण्याखाली गेले, तर ते फार दिवस जगत नाही. पूर्व भारत आणि बांगलादेशातील सखल शेतांत पुरामुळे असे वारंवार घडते आणि हंगाम हातचा जातो. या संकटावर सापडलेला उपाय हे वनस्पतींच्या रेणवीय जीवशास्त्राने पीक कसे सुधारता येते, याचे ठळक उदाहरण आहे.

ओडिशातील एका देशी वाणातून निवडलेला 'एफआर १३ए' हा भात सुमारे दोन आठवडे बुडाला तरी पुन्हा फुटतो, हे शास्त्रज्ञांना अनेक दशके ठाऊक होते. मात्र त्याचे उत्पन्न कमी. अन्य वाणांशी संकर केला, की सहनशीलतेबरोबर त्याचे नकोसे गुणही उतरत.

१९९६ मध्ये केनाँग शू आणि डेव्हिड मॅकिल यांनी या गुणाचे स्थान भाताच्या नवव्या गुणसूत्रावर निश्चित केले. २००६ मध्ये या दोघांनी पामेला रोनाल्ड आदी सहकाऱ्यांसह 'सब१ए' या जनुकाची ओळख पटवली. बुडालेल्या रोपात इथिलीन वायू साचतो. त्या इशाऱ्यासरशी सामान्य रोप पाण्याबाहेर येण्यासाठी झपाट्याने उंच होते आणि त्यात साठवलेले अन्न संपवून बसते. 'सब१ए' ही वाढ रोखते. रोप जणू निद्रिस्त होते आणि पूर ओसरल्यावर शिल्लक अन्नावर पुन्हा वाढू लागते.

जनुकाचा ठावठिकाणा कळल्यामुळे संकरातून आलेल्या कोवळ्या रोपांचा डीएनए तपासून हवी तीच रोपे निवडता आली. फिलिपिन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत याच पद्धतीने लोकप्रिय 'स्वर्णा' वाणात हा गुण आणला गेला आणि २००९ मध्ये 'स्वर्णा-सब१' भारतात प्रसारित झाला. यात परक्या जीवाचे जनुक घातलेले नाही. संकर नेहमीचाच, निवड मात्र अचूक.

या उपायालाही मर्यादा आहेत. पाणी महिना-दोन महिने तुंबून राहिले, तर हे जनुक पुरेसे ठरत नाही. तरीही यातून एक गोष्ट स्पष्ट होते. प्रयोगशाळेने हा गुण निर्माण केला नाही, तो नेमका शोधला. तो जपला होता पूरग्रस्त भागातील शेतकऱ्यांनी, पिढ्यान्‌पिढ्या राखलेल्या बियाण्यात. अशी देशी वाणे नष्ट झाली, तर उद्याच्या संशोधकाला शोधण्यासारखे काहीच उरणार नाही.