धोकटीतला जुना वस्तरा : ओळखायचा कसा, वापरायचा कसा, जपायचा कसा

कटिंगच्या दुकानात आता जो वस्तरा दिसतो त्याला स्वतःची धार नसते. त्यात अर्धं ब्लेड बसवतात आणि गिऱ्हाईक उठलं की काढून फेकतात. पूर्वीचा वस्तरा वेगळा होता. पान अख्खं पोलादाचं, रोज पट्ट्यावर फिरवायचं आणि नीट जपलं तर बापाकडून लेकाकडे यायचं. वर्धा, देवळी, आर्वी, हिंगणघाटकडच्या गावांत असा वस्तरा अजून कुणाच्या तरी माळ्यावर, जुन्या पेटीत पडला असेल. भंगारवाल्याला लोखंडाच्या भावात देण्याआधी तो एकदा हातात घेऊन पाहावा.

सगळ्यात आधी पानाच्या शेपटीकडे पाहा. मूठ आणि पान जिथे जोडलंय, तिथे बारीक अक्षरात गावाचं नाव कोरलेलं असतं. शेफिल्ड म्हणजे इंग्लंडचं, सोलिंगेन म्हणजे जर्मनीचं. दोन्ही गावं चाकू-सुरी-वस्तऱ्यांसाठी शेकडो वर्षांपासून प्रसिद्ध. जोसेफ रॉजर्स या शेफिल्डच्या कंपनीची खूण चांदणी आणि क्रॉस. सोलिंगेनच्या नावाला तर जर्मनीत १९३८ मध्ये कायद्यानेच संरक्षण मिळालं, म्हणजे दुसरीकडे बनलेल्या मालावर ते नाव टाकता येत नाही. देशाचं नाव कोरलेलं असेल तर वयाचाही अंदाज लागतो. जर्मन माल इंग्रजी शिक्के मारून खपवला जातो अशी ओरड झाल्यावर इंग्लंडने १८८७ मध्ये कायदा केला, आणि ‘मेड इन जर्मनी’ हे शब्द मालावर सर्रास दिसायला लागले.

आता पान आडवं धरून टोकाकडून पाहा. फार जुन्या वस्तऱ्याचं पान पाचरीसारखं जाड असतं. नंतरच्यांचं दोन्ही अंगांनी खोलगट घासलेलं, धारेजवळ कागदासारखं पातळ. पाठ मात्र मुद्दाम जाड ठेवतात, कारण दगडावर पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी टेकवली की कोन आपोआप बरोबर येतो. हे ज्याला माहीत नाही तो पाठ उचलून विळ्यासारखं घासतो आणि चांगली धार घालवून बसतो.

दगड रोज लागत नाही. रोजचं काम चामड्याच्या पट्ट्याचं. दाढीआधी वीस-तीस वेळा फिरवायचं, पाठ पुढे आणि धार मागे. परतताना पान पाठीवरून उलटायचं, धारेवरून उलटलं तर पट्टा कापला जातो. पट्टा ताठ हवा, सैल असला की धार गोल होते. एवढं करूनही केस ओढायला लागला तरच बारीक दगड काढायचा.

दाढी करताना घाई नको. चेहरा कोमट पाण्याने चांगला भिजवायचा, साबणाचा घट्ट फेस करायचा. एका हाताने कातडी ताणून धरायची आणि पान चेहऱ्याशी साधारण तीस अंशांवर, केसांच्या दिशेने, हलक्या हाताने ओढायचं. दाब द्यायचा नाही आणि पान आडवं सरकवायचं तर कधीच नाही, तिथेच कापतं. हनुवटी आणि गळा सगळ्यात अवघड. शिकणाऱ्याने पहिले काही दिवस फक्त गालच करावेत.

अमेरिकेत किंग जिलेट यांना सेफ्टी रेझरचं पेटंट १९०४ मध्ये मिळालं आणि हळूहळू लोक घरीच दाढी करायला लागले. आपल्या गावात तरी बराच काळ न्हावीच घरी येत होता. आरसा, वाटी, तुरटी, नऱ्हाणी, वस्तरा हे सगळं धोकटीत. मोबदला रोज रोख नाही, खळ्यावर ज्वारी मिळायची.

पण हा वस्तरा सगळ्यांच्या गालावर फिरत नव्हता, हेही सांगायलाच पाहिजे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लिहून ठेवलंय की साताऱ्यात न्हावी त्यांचे केस कापत नसत, घरी बहीणच कापायची. गांधीजींना प्रिटोरियात गोऱ्या न्हाव्याने हाकलून दिलं तेव्हा त्यांनी मशीन विकत घेऊन आरशात पाहून स्वतःचे केस कापले. मागची बाजू पार बिघडली, कोर्टातले मित्र हसले. पण आत्मकथेत ते त्या न्हाव्याला दोष देत नाहीत, आपणच आपल्या न्हाव्यांना अस्पृश्यांचे केस कापू देत नाही असं लिहितात. हेच गांधीजी १९३६ मध्ये शेगावला, म्हणजे आताच्या सेवाग्रामला, राहायला आले. आणि वस्तरा खाली ठेवणारे न्हावीही याच महाराष्ट्रातले. १८९० मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांनी सभा घेतली आणि विधवांचं केशवपन करायचं नाही असं ठरवलं.

जुना वस्तरा एकाच माणसाने वापरावा. नुसतं धुऊन किंवा डेटॉल लावून तो दुसऱ्याच्या गालावर चालवू नये. कावीळ बीचा विषाणू वाळलेल्या रक्तातही सात दिवस टिकतो, कावीळ सी आणि एचआयव्हीचाही धोका असतोच. दहाव्याला नदीवर रांगेत डोकी भादरली जातात तिथे तर बघितलंच पाहिजे, दर डोक्याला नवं ब्लेड. तसं सांगायला लाजू नये, कारागीरही त्याचा राग मानत नाही.

वापरून झाल्यावर पान पुसून कोरडं करायचं आणि तेलाचा बारीक हात द्यायचा. पावसाळ्यात तर नक्कीच, एका रात्रीत गंज धरतो. मूठ सेल्युलॉइडची असेल तर विस्तवापासून दूर ठेवा, झटकन पेट घेते. ती कुजायला लागली की तिच्यातून निघणाऱ्या आम्लाच्या वाफेने पानही गंजतं, म्हणून पान मिटून महिनोन्महिने ठेवू नये. मूठ शिंगाची किंवा हाडाची असेल तर तिला कसर लागते का ते मधूनमधून पाहावं. मूठ हस्तिदंताची निघाली तर मात्र विकायच्या फंदात पडू नका. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे हस्तिदंताची खरेदी-विक्री गुन्हा आहे, वस्तू आजोबांची असली तरी. आधी वन विभागाच्या कार्यालयात जाऊन विचारावं.