पेटीतली हस्तलिखिते : बाबासाहेबांच्या शब्दांचा ताबा कोणाकडे?

कॉपीराइट, अभिव्यक्तिस्वातंत्र्य, खासगीपणा हे शब्द अलीकडे मोबाइल आणि इंटरनेटच्या संदर्भात इतके वापरले जातात की ते प्रश्न कालपरवा जन्मले असावेत असे वाटते. या प्रश्नांचा एक जुना खटला आमच्या नागपूरच्या उच्च न्यायालयाच्या दफ्तरात होता. तो ना चित्रपटाचा होता ना गाण्याचा. काही पेट्यांमध्ये बंद असलेल्या कागदांचा होता, आणि ते कागद डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे होते.

६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीतल्या २६, अलीपूर रोड या घरी बाबासाहेबांचे निधन झाले. नागपुरातल्या धर्मांतराला तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते. मागे राहिले ते ग्रंथालय, पत्रव्यवहार आणि अर्ध्याअधिक अवस्थेतल्या ग्रंथांची हस्तलिखिते व टंकलिखिते. हे कागद आधी दिल्लीच्या न्यायालयाच्या ताब्यात गेले. तिथून ते महाराष्ट्राच्या ॲडमिनिस्ट्रेटर जनरलकडे, म्हणजे महाप्रशासकाकडे आले. मृताच्या मालमत्तेची निरवानिरव करणारे हे कार्यालय. त्याच्या दृष्टीने हस्तलिखिते म्हणजे खुर्ची-टेबलांसारखीच सांभाळून ठेवायची चीजवस्तू. त्यात त्या कार्यालयाचा दोष काही नाही. पण त्यामुळे घडले असे, की ज्या माणसाच्या नावाने लाखो लोक दरवर्षी दीक्षाभूमीवर जमत होते, त्याचे न छापलेले लिखाण त्यांच्यापैकी एकालाही वाचता येत नव्हते.

नागपूरचे वकील जे. बी. बनसोड यांनी सरकारविरुद्ध नागपूर खंडपीठात दावा लावला तो या परिस्थितीत. त्यांचे मागणे सरळ होते : हे लिखाण आता राष्ट्रीय महत्त्वाचे झाले आहे. सरकारने ते छापावे, नाहीतर मला छापायची परवानगी द्यावी. हा दावा अनेक वर्षे प्रलंबित राहिला. पुढे समग्र वाङ्मयाचे जे खंड निघाले, त्यांच्या प्रास्ताविकात संपादकांनी या दाव्याची नोंद केली आहे. आज त्या प्रास्ताविकाची पाने बहुतेक वाचक उलटून पुढे जातात. मला मात्र हा दावा आपल्या वाङ्मयीन इतिहासातला फार मोठा प्रसंग वाटतो. कारण बनसोडांनी मालकीचा वाद मांडलाच नव्हता. लेखन वारसांचे की सरकारचे, हा त्यांचा प्रश्न नव्हता. ते वाचकाच्या बाजूने न्यायालयात उभे होते.

त्या वेळच्या कायद्यात वाचकाला जागा नव्हती. १९५७चा कॉपीराइट कायदा लेखकाला आणि त्याच्या वारसांना हक्क देतो. मेलेल्या लेखकाचे अप्रकाशित लिखाण कोणी अडवून धरले तर काय, याचे उत्तर मूळ कायद्यात नव्हते. ते १९८३च्या दुरुस्तीने आले. ‘३१ क’ या नव्या कलमानुसार लेखक हयात नसेल, अज्ञात असेल किंवा सापडत नसेल, तर अप्रकाशित भारतीय लेखन छापण्याचा परवाना मागता येतो. शिवाय लेखक मरण पावला असेल आणि प्रकाशन राष्ट्रहिताचे असेल, तर केंद्र सरकार वारसांना ते छापायला सांगू शकते. ‘राष्ट्रहित’ हा शब्द कायद्यात आला, त्याआधी नागपूरच्या एका वकिलाने जवळपास त्याच अर्थाचा शब्द आपल्या अर्जात वापरलेला होता.

१९७६ साली महाराष्ट्र सरकारने बाबासाहेबांचे साहित्य प्रकाशित करण्यासाठी समिती नेमली. तिचे काम पुढे ज्यांच्या हाती आले ते वसंत मून हेही नागपूरचेच. ‘वस्ती’ हे त्यांचे आत्मकथन ज्यांनी वाचले आहे, त्यांना सीताबर्डीच्या पायथ्याची ती महारपुऱ्यातली पोरे, तिथले समता सैनिक दल, तिथली वाचनाची भूक आठवत असेल. महसूल खात्यात नोकरी केलेल्या या माणसाने जुने अंक, पत्रके, पत्रे जमवण्यात आयुष्य घातले. पहिला खंड १४ एप्रिल १९७९ रोजी निघाला. त्यात आधी छापले गेलेलेच लेखन होते. पेट्यांतले अप्रकाशित ग्रंथ तिसऱ्या आणि चौथ्या खंडांत आले, १९८७ साली. निधनापासून मोजले तर एकतीस वर्षे.

या एकतीस वर्षांत कॉपीराइटमुळे काही अडले का? माझे उत्तर असे, की फारसे नाही. वारसांची संमती मिळवता येत होती, आणि ती मिळालीही. अडले ते ताब्यामुळे. कायद्याच्या पुस्तकात शब्दांचा मालक आणि कागदाचा मालक हे दोन वेगळे लोक असू शकतात, पण ज्याच्या हाती पेटीची किल्ली असते त्याच्यापुढे दोघेही हतबल असतात.

बाबासाहेबांना हे स्वतःच्या अनुभवावरून ठाऊक होते. १९२० साली ‘मूकनायक’ निघाले तेव्हा पैसे मोजून द्यायची जाहिरातही ‘केसरी’ने घेतली नव्हती. १९३६ साली लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने त्यांना अध्यक्षीय भाषणाला बोलावले, भाषण आधी मागवून घेतले, आणि त्यातला काही मजकूर गाळायला सांगितला. त्यांनी नकार दिला, परिषद बारगळली, आणि ते न झालेले भाषण बाबासाहेबांनी स्वखर्चाने छापले. दीड हजार प्रती दोन महिन्यांत संपल्या, गुजराती आणि तमिळ भाषांतरे झाली. आणि अगदी शेवटी, सप्टेंबर १९५६मध्ये, ‘द बुद्ध अँड हिज धम्म’च्या छपाईचा वीस हजारांचा खर्च भागेना म्हणून त्यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून सरकारने पाचशे प्रती घ्याव्यात असे सुचवले. नेहरूंनी असमर्थता कळवली. ग्रंथ निघाला १९५७मध्ये, ते गेल्यानंतर. राज्यघटनेच्या मसुदा समितीचा अध्यक्ष, ज्याच्या हातून अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे कलम गेले, त्याला स्वतःचे पुस्तक छापायला खरेदीदार शोधावे लागत होते. घटनेने दिलेले बोलण्याचे स्वातंत्र्य छापखान्याचे बिल भरत नाही.

चौथ्या खंडाने तर वादळच उठवले. ‘रिडल्स इन हिंदुइझम’ हा तो ग्रंथ. त्यातले राम आणि कृष्ण यांच्यावरचे प्रकरण परिशिष्ट म्हणून छापलेले होते. ते वगळावे म्हणून शिवसेनेने आणि मराठा महामंडळाने आंदोलन केले. शंकरराव चव्हाणांच्या सरकारने परिशिष्ट काढून टाकायचे ठरवले. त्यावर दलित संघटना एकवटल्या. फेब्रुवारी १९८८मध्ये मुंबईत जो मोर्चा निघाला, त्यात लाखो लोक उतरले. विदर्भातून गाड्या भरभरून माणसे गेली. आमच्या कळमेश्वरहूनही गेली. नागपूरपासून पंचवीसेक किलोमीटरवरचे, संत्र्याच्या बागांचे हे तालुक्याचे गाव. मोर्चाला गेलेल्यांपैकी कितींनी तो इंग्रजी खंड वाचला असेल, असा खवचट प्रश्न तेव्हा काही शहाण्यांनी केला होता. मला तो प्रश्नच उलटा वाटतो. जे वाचता येत नव्हते, ते पुढे आपल्या मुलांना वाचता यावे म्हणून माणसे मुंबईपर्यंत गेली, एवढे त्यातले सत्य आहे.

शेवटी तडजोड झाली. परिशिष्ट राहिले. त्यातल्या मतांशी सरकार सहमत नाही, अशी एक ओळ तिथे आली.

या प्रकरणात एक बारकावा आहे, आणि तो अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या नेहमीच्या चर्चेत निसटतो. सरकारने पुस्तकावर बंदी घातली असती, तर ती घटनेच्या एकोणिसाव्या कलमावर तपासता आली असती. कारणे द्यावी लागली असती, न्यायालयात टिकवावी लागली असती. पण इथे सरकार प्रकाशक होते. प्रकाशकाने एक प्रकरण गाळणे याला बंदी म्हणत नाहीत, त्याला संपादन म्हणतात. राज्यसंस्था एकाच वेळी कागदांची रखवालदार आणि पुस्तकाची प्रकाशक झाली, की तिला मुस्कटदाबीसाठी हुकूम काढावाच लागत नाही. कॉपीराइट कायद्याचे ५७वे कलम लेखकाच्या लिखाणाची मोडतोड होऊ नये म्हणून वेगळा हक्क देते, पण तो बजावायला लेखक किंवा त्याचे वारस पुढे यावे लागतात. १९८८ साली ते काम रस्त्यावरच्या माणसांनी केले.

आता दुसरी बाजू, आणि ती मला टाळता येत नाही. संपादकांनी त्या परिशिष्टाच्या सुरुवातीला प्रामाणिकपणे लिहून ठेवले आहे, की हे एकोणपन्नास पानांचे टंकलिखित आहे, ते स्वतंत्र बांधलेले सापडले, आणि ग्रंथाच्या मूळ अनुक्रमणिकेत त्याचा उल्लेख नाही. मग बाबासाहेबांना ते या ग्रंथात हवे होते का? टेबलावरच्या अपुऱ्या कागदावर लेखकाचा काही खासगी अधिकार असतो की नाही? ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींबाबत तर हा प्रश्न अधिकच नाजूक आहे. गोरेगावच्या प्रवासातला लहानपणीचा अपमान, बडोद्याच्या पारशी खाणावळीतून काढले जाणे, हे त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून ठेवले. छापले मात्र नव्हते. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ते १९९० साली पुस्तिकेच्या रूपात काढले.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी ऑगस्ट २०१७मध्ये खासगीपणाला मूलभूत हक्क मानले. त्या निकालाचा रोख प्रामुख्याने जिवंत माणूस आणि त्याच्यावर नजर ठेवणारे शासन यांच्याकडे आहे. मेलेल्या लेखकाचे खण उघडावेत का, हे त्यावरून ठरत नाही. माझे मत असे की उघडावेत, पण कागद जसा सापडला तसा सांगून. किती पाने, कोणाच्या हातच्या दुरुस्त्या, कुठे ठेवलेला होता, हे सगळे वाचकाला दिले की लेखकाचा मान राखला जातो. मून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमके तेच केले. अनुक्रमणिकेत नाही म्हणून ते प्रकरण दडपले असते, तर सरकारला आयतीच सबब मिळाली असती.

मुदतीचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. मूळ कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षे हक्क राहत असे. रवींद्रनाथ टागोरांच्या लेखनावरचा विश्वभारतीचा हक्क १९९१च्या अखेरीस संपणार म्हणून ही मुदत साठ वर्षे करण्यात आली. त्यामुळे बाबासाहेबांचे हयातीत छापलेले लेखन २००६ऐवजी २०१६ संपताना सर्वांचे झाले. परंतु मरणोत्तर प्रथम प्रकाशित झालेल्या लेखनाला २४वे कलम लागते, आणि तिथे साठ वर्षे पहिल्या प्रकाशनापासून मोजतात. म्हणजे ‘बुद्ध अँड हिज धम्म’ २०१७च्या अखेरीस मोकळा झाला. ‘रिडल्स’ मोकळे होईल २०४७ संपल्यावर, ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ त्यानंतर तीन वर्षांनी. जे कागद सर्वांत जास्त काळ पेटीत कोंडले गेले, त्यांनाच कायदा सर्वांत जास्त काळ बांधून ठेवतो. उशिरा छापल्याची शिक्षा वाचकाला. ही तरतूद प्रकाशकाने जोखीम घ्यावी म्हणून असेल, पण प्रकाशक सरकार असेल तेव्हा तिचा काय उपयोग, ते मला उमगलेले नाही.

प्रत्यक्षात या तारखा कोणी पाळल्या नाहीत. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीच्या परिसरात पुस्तकांची जी दुकाने लागतात, तिथे कित्येक वर्षे पुस्तिका, भाषांतरे, उतारे विकले जात आले आहेत. परवानगीचा कागद कोणी कोणाला मागत नसे. कळमेश्वरला परतणाऱ्यांच्या पिशवीत पंचशीलाचा झेंडा आणि दोनचार पुस्तिका हमखास असत. ज्याला विकत घेणे परवडत नसे तो शंभर पानी वहीत उतरवून घेई. अशी एक वही मी पाहिली आहे, तिच्या शेवटच्या पानावर उतरवणाऱ्याने आपले नाव न घालता फक्त तारीख टाकली होती. याला चोरी म्हणणारा कायदेपंडित मला अजून भेटायचा आहे.

आणि आता पीडीएफ. परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर समग्र खंड विनामूल्य ठेवलेले आहेत. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाने, जिथे बाबासाहेब शिकले, ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’ आणि ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ टिपांसह इंटरनेटवर दिले आहेत. पेटीची किल्ली या तंत्राने कायमची निरुपयोगी करून टाकली. त्याच तंत्राने बाबासाहेबांच्या नावावर त्यांनी कधीही न लिहिलेली वाक्येही दर १४ एप्रिलला फोनवर येतात. ती पडताळायची तर खंडच उघडावा लागतो, म्हणून छापील अधिकृत प्रतीची गरज कमी न होता वाढली.

ती प्रत मिळते का? २०२१च्या अखेरीस वर्तमानपत्रात बातमी आली : नऊ लाख प्रती छापायचे ठरले, त्यासाठी ५ कोटी ४५ लाखांचा कागद घेतला, चार वर्षांत छापल्या गेल्या सुमारे ३३ हजार प्रती, उरलेला कागद गोदामात. मुंबई उच्च न्यायालयाने त्या बातमीची स्वतःहून दखल घेऊन जनहित याचिका दाखल करून घेतली. बनसोड ज्या मागणीसाठी न्यायालयात गेले होते, तीच मागणी या वेळी न्यायालयाने आपणहून हाती घेतली. तेव्हा लिहिलेला कागद पेटीत होता, आता कोरा कागद गोदामात.

चौथा खंड मी अलीकडे पुन्हा पडद्यावर उघडला. परिशिष्टाच्या सुरुवातीला संपादकांची ती एकोणपन्नास पानांची टीप आहे. आणि सरकार या मतांशी सहमत नाही, ही ओळही स्कॅनमध्ये जशीच्या तशी उतरली आहे.