निवड गागोद्याची, रकाने रोह्याचे

शाळेच्या ग्रंथालयात आता कपाटांच्या जोडीला एक पडदा आला आहे. ग्रंथपाल मॅडम एखाद्या विषयावरचे लेख, व्हिडिओ, जुने नकाशे धुंडाळतात, त्यातलं निवडक पॅडलेट किंवा वेकलेटच्या बोर्डवर लावतात आणि लिंक वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतात. या पद्धतीचं कूळ सगळे अमेरिकेत शोधतात: २००३ साली डिलिशस आलं, लोक आपापल्या लिंकांना टॅग लावून त्या एकमेकांना दाखवू लागले, मग पिंटरेस्ट आलं. मला मात्र तिची दोन मुळं दिवा-रोहा रेल्वेमार्गाच्या आसपास सापडली. एक पेण तालुक्यात, दुसरं रोह्यात.

पेण तालुक्यातल्या गागोद्याला १८९५ साली विनोबांचा जन्म झाला. भूदान सर्वांना ठाऊक आहे. वेचे काढणारे विनोबा मात्र मागे पडले. ज्ञानदेवांची भजनं त्यांनी निवडली, कुराणसार आणि ख्रिस्तधर्म-सार काढलं. धम्मपदाचे २६ वर्ग मोडून त्यातल्या ४२३ गाथा त्यांनी नव्या क्रमाने लावल्या. पदरचा मजकूर न घालता केवळ निवडीतून आणि क्रमातून अर्थ उलगडायचा, ही त्यांची रीत.

यावर हमखास आक्षेप येईल तो 'नवनीत'चा. परशुरामपंत तात्या गोडबोल्यांनी मराठी कवितांचे वेचे १८५४ सालीच छापले आणि ते शाळांमधून वाचले गेले. मग मान त्यांना का नको? निवडीचा मान जरूर द्यावा. पण तिथे निवडणारा एका टोकाला आणि वाचणारा दुसऱ्या टोकाला होता. आजच्या बोर्डवर दहाजण भर घालतात, दोघे हरकत घेतात, एखादी नोंद काढली जाते. याचा पूर्वज मला 'समणसुत्तं'मध्ये दिसतो. जैनांच्या सर्व पंथांना मान्य होईल असा एक सारग्रंथ असावा, हा आग्रह विनोबांचा. जिनेंद्र वर्णींनी गाथा वेचून पहिला खर्डा केला. तो मुनींकडे आणि विद्वानांकडे फिरला, सूचना आल्या, गाथा गळल्या, नव्या आल्या. १९७४ साली, महावीरांच्या निर्वाणाच्या २५०० व्या वर्षी, दिल्लीतल्या संगीतीत ७५६ गाथांच्या संकलनावर एकमत झालं. शेकडो वर्षं वेगळ्या वाटेने गेलेल्या पंथांना एका पुस्तकात आणणारी ही पद्धत मला कुठल्याही ॲपपेक्षा मोठी वाटते.

आता रोहा. चिंतामणराव देशमुखांचा जन्म महाडजवळच्या नाते गावचा, बालपण रोह्याचं. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि मुंबईच्या प्रश्नावर राजीनामा देणारे अर्थमंत्री, हे शाळेतली मुलंही सांगतात. माझं लक्ष त्यापुढच्या वर्षांवर आहे. १९५६ मध्ये ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले आणि १९५७ मध्ये आयोगाने ग्रंथालय समिती नेमली, तिचे अध्यक्ष ग्रंथालयशास्त्रज्ञ शियाळी रंगनाथन. १९६२ मध्ये रंगनाथनांचं प्रलेखन संशोधन व प्रशिक्षण केंद्र बंगळूरला उभं राहिलं, ते भारतीय सांख्यिकी संस्थेच्या छत्राखाली. आणि त्या संस्थेचे अध्यक्ष तेव्हा देशमुखच होते. हा योगायोग आहे असं मला वाटत नाही. देशमुख संस्कृतात मुरलेले होते, उतारवयात त्यांनी अमरकोशाची आवृत्तीही काढली. अमरकोश शब्द अकारविल्हे लावत नाही, विषयवार वर्गांत लावतो. त्यात रमलेल्या माणसाला रंगनाथनांचं म्हणणं चटकन पटलं असणार, असा माझा तर्क आहे.

ते म्हणणं काय होतं? ड्यूईच्या १८७६ च्या वर्गीकरण पद्धतीत पुस्तकाला फळीवर एकच जागा. रंगनाथनांनी १९३३ मध्ये द्विबिंदू वर्गीकरण छापलं आणि पुढे विषयाचे पाच पैलू पाडले: मुख्य वस्तू, द्रव्य, क्रिया, स्थळ, काळ. पेणच्या कारखान्यातला एखादा व्हिडिओ घ्या. वस्तू गणेशमूर्ती, द्रव्य शाडू, क्रिया डोळ्यांची आखणी, स्थळ पेण, काळ श्रावण. मग मातीचा धडा शिकणाऱ्याला तो शाडूखाली मिळतो, चित्रकलेच्या सरांना आखणीखाली, भूगोलाला पेणखाली. खरेदीच्या साइटवर किंमत, रंग, माप निवडत आपण खाली येतो, तीही याच विचाराची वाट आहे.

अमेरिकावादी म्हणतील, टॅग ही संगणकवाल्यांची स्वतंत्र कल्पना आहे, तिला रंगनाथनांची गरज पडली नाही. टॅग स्वतंत्र आहे, हे मान्य. पण मोकळा टॅग शाळेत टिकत नाही. एक मुलगा 'गणपती' लिहितो, दुसरी 'गणेशमूर्ती', तिसरा 'बाप्पा'. महिनाभरात त्याच विषयाचे तीन ढीग होतात आणि शोधणारा एकाच ढिगापाशी थांबतो. वाचकाचा वेळ वाचवा, हा रंगनाथनांच्या १९३१ च्या पाच नियमांतला चौथा नियम. तो इथेच मोडतो. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड दीक्षा ॲपवरच्या नेमक्या धड्याशी नेऊन पोचवतो, कारण ती जोडणी कुणीतरी आधी विचारपूर्वक केलेली असते. पेण आणि रोह्यातल्या शाळांनी आपला सामायिक बोर्ड काढला, तर वस्तू, द्रव्य, क्रिया, स्थळ, काळ हे पाच रकाने भरल्याशिवाय नोंद चढवू नये. आणि दर सत्राला एकदा सगळ्या शाळांच्या ग्रंथपालांनी एकत्र बसून काय ठेवायचं, काय गाळायचं ते ठरवावं.