वळिवड्याची छावणी आणि बोलेनासे झालेले मूल

दसरा सरला की घनसावंगीच्या परिसरातून ऊसतोडीच्या गाड्या निघू लागतात. मुकादमाची उचल घेतलेली जोडपी कोयता, भांडीकुंडी आणि तान्ही मुले घेऊन पश्चिमेकडच्या कारखान्यांवर जातात. शाळेत जाणारी मुले पुष्कळदा आजीआजोबांजवळ मागे राहतात. याच गावांतून काही तरुण फौजेतही गेले आहेत. त्यांच्या घरी वेगळ्या तऱ्हेचे, परंतु तेवढेच लांब वाट पाहणे असते. भेटीगाठींच्या निमित्ताने आम्ही त्या बाजूस गेलो असता अशाच एका जवानाच्या घरी थांबलो होतो. चहा पुढे ठेवता ठेवता घरधनीण म्हणाली, "फादर, पैशाची ददात न्हाई. महिन्याच्या महिन्याला येतोय. पण पोरगं बोलंनासं झालंय बघा."

त्या माउलीस तेव्हा आम्हांस धड उत्तर देता आले नाही. परतीच्या वाटेवर मात्र आपल्याच महाराष्ट्रात घडलेली, आणि आपण जवळजवळ विसरलेली, एक हकिकत आम्हांस आठवत राहिली. ती कोल्हापूरनजीकच्या वळिवडे गावची आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभी, १७ सप्टेंबर १९३९ रोजी, सोव्हिएत सैन्य पूर्वेकडून पोलंडमध्ये शिरले. फेब्रुवारी १९४० पासून पोलिश कुटुंबांस मालगाड्यांत कोंबून सैबेरिया व कझाकस्तानकडे हद्दपार करण्यास सुरुवात झाली. भूक, थंडी व रोगराई यांनी किती माणसे दगावली याची मोजदाद आजही वादाची आहे. जर्मनीने रशियावर चाल केल्यावर, जुलै १९४१ मध्ये, लंडनस्थित पोलिश सरकार व मॉस्को यांच्यात करार झाला. बंदिवान पोलिश लोक सुटले आणि जनरल अँडर्स यांनी त्यांतून सेना उभारली. १९४२ साली ही सेना इराणात उतरली, तेव्हा सैनिक व नागरिक मिळून एक लाखाहून अधिक माणसे रशियाबाहेर पडली होती. पुरुष युद्धावर जाणार हे ठरलेलेच होते. त्यांच्या बायकामुलांनी व त्यांच्याबरोबर आलेल्या अनाथ लेकरांनी कोठे जावे, हा प्रश्न उरला. काहींना पूर्व आफ्रिकेने आसरा दिला, काहींना न्यूझीलंड व मेक्सिकोने. काही भारतात आली.

मुंबईत १९३३ पासून पोलंडचे कॉन्सल असलेले युजेनियुश बानाशिन्स्की आणि त्यांच्या पत्नी किरा बानाशिन्स्का यांची नावे येथे घेतली पाहिजेत. किराबाई पोलिश रेडक्रॉसच्या भारतातील प्रतिनिधी होत्या. अश्गाबादच्या अनाथालयातून मुले आणण्यासाठी ट्रकांचा तांडा भारतातून इराणमार्गे पाठविण्यात आला. मुलांच्या पहिल्या तुकडीबरोबर फादर फ्रान्चिशेक प्लुता आणि पोलंडची नामवंत गायिका हांका ओर्दोनुव्ना हीही होती. एप्रिल १९४२ मध्ये ही मुले मुंबईस पोहोचली आणि काही काळ वांद्र्यास राहिली. तेथून ती नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी बालाचडी येथे उभारलेल्या छावणीत गेली. तुम्ही आता अनाथ नाही, अशा अर्थाचे शब्द जामसाहेबांनी आपणांस ऐकविले, ही आठवण त्या मुलांपैकी अनेकांनी म्हातारपणापर्यंत जपली. फादर प्लुता पुढे या छावणीचे प्रमुख झाले. युद्धानंतर मुलांस त्यांच्या इच्छेविरुद्ध साम्यवादी पोलंडला परत पाठविण्याचा प्रसंग आला, तेव्हा त्यांनी व जामसाहेबांनी मुलांचे कायदेशीर पालकत्व पुढे केले, असे तेथील मुले सांगत आली आहेत.

बालाचडी ही मुख्यतः निराधार मुलांची छावणी होती. वळिवडे मात्र प्रामुख्याने सैनिकांच्या कुटुंबांचे गाव होते. कोल्हापूरच्या गादीवर त्या वेळी बालराजा होता व कारभार रीजन्सीकडे होता. १९४३ च्या मध्यास पंचगंगेच्या खोऱ्यातील या माळावर लांबच लांब बराकी उभ्या राहिल्या आणि सुमारे ५,००० पोलिश माणसे येथे वस्तीस आली. त्यांत स्त्रिया व मुलेच अधिक होती. कर्ते पुरुष, जे हयात होते ते, इराक, पॅलेस्टाईन आणि पुढे इटलीत लढत होते. छावणीत चर्च होते, दवाखाना होता, प्राथमिक ते माध्यमिक शाळा होत्या, अनाथालय होते, बालवीरांची पथके होती, नाटके होत. क्षयाची बाधा झालेल्या वा अशक्त मुलांस पाचगणीच्या हवेत ठेवीत.

हा सारा पसारा कशासाठी, असा प्रश्न एखाद्याच्या मनात येईल. अन्न व छप्पर मिळाले होते. तेवढे पुरे नव्हते काय? नव्हते. रशियातून आलेल्या अशा मुलांच्या आठवणींत एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते. पोटभर जेवण मिळू लागल्यावरही ती उशीखाली पाव लपवून ठेवीत. ही भूक नव्हती. भूक भागली होती. ती भीती होती, आणि भीती वाढप्याच्या डावाने जात नाही. शाळेची घंटा रोज त्याच वेळी वाजली, तीच शिक्षिका उद्याही वर्गात दिसली, सणाला मेणबत्ती लागली आणि आपल्याला नावाने हाक मारणारे माणूस एका रात्रीत नाहीसे झाले नाही, तरच ती हळूहळू ओसरते. वळिवड्याच्या त्या मास्तरणींनी, परिचारिकांनी व धर्मगुरूंनी हे काम केले. त्यांपैकी बहुतेकांनी समाजकार्याचे शिक्षण घेतलेले नव्हते. स्वतःच्याच दुःखाने त्यांना शहाणे केले होते.

त्याच काळात लंडनमध्ये ॲना फ्रॉइड व डोरोथी बर्लिंगहॅम या दोघी युद्धातील मुलांची पाळणाघरे चालवीत होत्या. मुलांस बॉम्बच्या आवाजापेक्षा आईबापांची ताटातूट अधिक पोखरते, असे त्यांच्या नजरेस आले. पुढे १९५१ साली जॉन बोल्बी यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी याच विषयावर अहवाल लिहिला व जगभरच्या अनाथालयांची कार्यपद्धती त्यामुळे बदलू लागली. पंडितांनी जे शास्त्र म्हणून मांडले, ते वळिवड्याच्या माळावर रोजच्या व्यवहारात चालू होते.

या हकिकतीस आणखी एक बाजू आहे, आणि मराठी माणसाने ती विसरू नये. मे १९४४ मध्ये इटलीतील मोन्ते कासिनोच्या डोंगरावर अँडर्स यांच्या सैनिकांनी मोठी किंमत देऊन विजय मिळविला. त्याच इटलीत मराठा लाइट इन्फंट्रीच्या पलटणीही लढत होत्या. माणगाव तालुक्यातील पळसगावचे नाईक यशवंत घाडगे हे १० जुलै १९४४ रोजी धारातीर्थी पडले व त्यांस मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. म्हणजे वळिवड्याच्या बराकीत एखादी पोलिश स्त्री ज्या देशाच्या टपालाची वाट पाहत होती, त्याच देशाच्या टपालाची वाट कोकणातील व घाटावरील मराठी घरांतही पाहिली जात होती.

दोन्ही घरांत फरक मात्र होता. पोलिश स्त्रीच्या आसपास तिच्याच दुःखाच्या स्त्रिया होत्या, मुलांची शाळा होती, विचारपूस करणारी समिती होती. आपल्या खेड्यातील शिपायाच्या बायकोकडे मनिऑर्डर येई. १९१९ साली स्थापन झालेल्या सैनिक मंडळाची व जिल्ह्याजिल्ह्यांतील शाखांची मदत निवृत्तिवेतन व अर्ज यांपुरती पोहोचे, आणि तीही उपकारकच होती. परंतु तिच्या मुलाचे मन कसे आहे, हे विचारावयास कोणी माणूस नेमलेला नव्हता. पाहुण्यांस मिळाले याचे वैषम्य आम्हांस नाही. आपल्यास का मिळाले नाही, हे मात्र विचारले पाहिजे.

तसे माणूस घडविण्याची सोय मुंबईत नुकती सुरू झाली होती. क्लिफर्ड मॅनशर्ट या अमेरिकन मिशनऱ्याच्या पुढाकाराने १९३६ साली सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय निघाले. आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था ती हीच. लगोलग १९३७ मध्ये तेथे बालमार्गदर्शन केंद्र सुरू झाले. १९५५ साली डॉटर्स ऑफ द हार्ट ऑफ मेरी या आपल्या धर्मभगिनींच्या संघाने मुंबईतच निर्मला निकेतन हे समाजकार्य महाविद्यालय काढले. मुलाशी कसे बोलावे, घरातील वडीलधाऱ्यांस विश्वासात कसे घ्यावे, बोललेले गुप्त कसे राखावे, याचे शिक्षण येथून मिळू लागले. ते घेतलेली माणसे शहरातील इस्पितळांत पोहोचली. घनसावंगीसारख्या गावापर्यंत ती क्वचितच येतात.

वळिवड्याची छावणी १९४८ मध्ये उठली. कित्येक कुटुंबे इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या आपल्या सैनिकांकडे गेली. रिकाम्या बराकींत फाळणीने उखडलेले सिंधी निर्वासित आले व तेथे गांधीनगर वसले. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात १९९८ पासून पोलिश लोकांनी उभारलेला कृतज्ञतेचा स्तंभ आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी वॉर्सामधील कोल्हापूर स्मारकास पुष्पचक्र वाहिले. किराबाई मात्र भारत सोडून गेल्या नाहीत. हैदराबादेत सेवाकार्य करीत त्या शंभरी ओलांडून जगल्या व २००२ साली निवर्तल्या. ज्या हैदराबाद संस्थानात १९४८ पर्यंत आपला जालना मुलूख मोडत होता, त्याच्याच राजधानीत त्यांनी देह ठेवला.

वाचकहो, पुढे आम्ही त्या घरी पुन्हा गेलो. उपदेश केला नाही. मुलाजवळ ओट्यावर बसलो व त्याच्या पाटीवरील चित्राविषयी विचारले. तो बोलला नाही. तिसऱ्या खेपेस त्याने आपण होऊन पाटी आमच्यापुढे धरली. तीवर बंदूक घेतलेला माणूस होता, आणि त्याच्या शेजारी अगदी लहान असे एक घर. जिल्ह्याच्या इस्पितळात मुलांच्या मनाचे जाणकार भेटू शकतात हे आम्ही आईस सांगितले व तिच्याबरोबर तेथवर गेलोही. शास्त्राचे काम शास्त्र जाणणाऱ्याने करावे. परंतु तेथवर हात धरून नेणे आणि परतल्यावर पुन्हा ओट्यावर येऊन बसणे, हे शेजाऱ्याचे काम आहे.

आपल्या धर्मग्रामात कोणाचा बाप सीमेवर आहे, कोणाचे आईबाप फडावर आहेत, कोणते मूल आजीजवळ राहिले आहे, याची एक साधी वही प्रत्येक विभागात ठेवता येईल. संकटातील मुलासाठी १०९८ हा क्रमांक आहे, तो घरोघर ठाऊक असावा. आणि महिन्यातून एकदा तरी त्या घराच्या उंबऱ्यावर कोणीतरी थांबावे, रिकाम्या हाताने का होईना, पण मुलाचे नाव ठाऊक असलेले.